आगमनकाळाचा संच: पितळी कडं, पाच मेणबत्त्या आणि ३० नोव्हेंबरला सुरू होणारं वर्ष

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे वाट पाहण्याचे चार रविवार, घरी पाळण्यासाठीचा हा संच घ्यावा का, असं ओळखीच्या बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. घ्यावा. मेणबत्त्या सुधारायला हव्यात, पुस्तिकेचा टाइप वयस्कर डोळ्यांना बारीक आहे, तरीही घ्यावा. आणि घ्यायचा तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारच्या आत घ्यावा. नाताळच्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही, कारण त्याचं काम नाताळच्या चार रविवार आधी सुरू होतं.

नाशिकच्या शरणपूर भागातल्या काही बायका मिळून तो बनवतात. काही जणी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रॉटेस्टंट मंडळीतल्या, काही कॅथलिक. गटाला नाव नाही, खोक्यावर छापलेलं काही नाही. नोव्हेंबरमध्ये रविवारची उपासना सुटली की बाहेर टेबल मांडतात, तिथे मिळतो. पूर्ण संच ८५० रुपये. त्यात पितळी कडं, चार रंगीत मेणबत्त्या आणि एक पांढरी, भिंतीवरचं कॅलेंडर, ३२ पानांची पुस्तिका आणि सात लहान कार्डं. नुसतं कॅलेंडर हवं असेल तर १८०. मी नोव्हेंबर २०२५ मध्ये घेतला आणि ईस्टरनंतरचा पेन्टेकॉस्टचा सण उलटून गेल्यावर आता लिहितोय, म्हणजे चर्चच्या उपासना-वर्षात प्रत्येक काळाला ठरलेले सगळे रंग एकदा भिंतीवर बघून झालेत.

कॅलेंडरपासून सुरुवात करतो. माझी सगळी नोकरी ऑफसेट मशीनवर गेली, त्यामुळे छापलेला कागद हातात आला की नजर आधी रंगांच्या कडांकडे जाते. हे काम मन लावून केलेलं आहे. कागद मॅपलिथो, चांगला जाड. गुळगुळीत आर्ट पेपर वापरला असता तर चित्र चकाकलं असतं, पण पेनाची शाई पसरली असती आणि घरातल्यांना चौकोनात काही लिहिता आलं नसतं. इथे लिहिता येतं. आमच्या घरात वाढदिवस, कोणाचा स्मृतिदिन, कोणासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव, हे सगळं त्यावर लिहिलेलं आहे.

पानं महिन्यांची नाहीत. काळांची आहेत, आणि सातच आहेत. पहिलं पान ३० नोव्हेंबर २०२५ ला सुरू होतं आणि २४ डिसेंबरला संपतं. दुसरं नाताळचं. तिसरं नाताळ आणि प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) यांच्या मधलं छोटं हिरवं पान. चौथं प्रायश्चित्तकाळाचं, १८ फेब्रुवारीच्या राखेच्या बुधवारपासून. पाचवं पुनरुत्थानाचं, म्हणजे ईस्टरचं, ५ एप्रिल ते २४ मे. आणि मग दोन पानं भरून हिरवंच हिरवं, २८ नोव्हेंबर २०२६ पर्यंत. जानेवारी कुठे सुरू झाला हे शोधावं लागतं. १ जानेवारी नाताळच्या पानाच्या मध्यावर आहे आणि त्याला वेगळी चौकटसुद्धा नाही. घरात शेजारी महिन्यांचं नेहमीचं कॅलेंडर लागतंच, दुधाचा आणि गॅसचा हिशेब त्यावरच. पण चर्चचं वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं, हे लहानपणापासून ऐकलेलं वाक्य पहिल्यांदा भिंतीवर दिसलं.

आता रंग. जांभळा छापणं अवघड असतं. चार रंगांच्या छपाईत जांभळ्याची वेगळी शाई नसते, सायन आणि मॅजेंटा एकावर एक बसवून तो काढावा लागतो. सायन जरा चढला की निळा होतो, मॅजेंटा चढला की लालसर. एका दिवसाच्या छपाईतसुद्धा पहिल्या हजारातला आणि शेवटच्या हजारातला जांभळा वेगळा निघतो. या कॅलेंडरात आगमनकाळाचा जांभळा निळ्याकडे झुकलेला आहे आणि प्रायश्चित्तकाळाचा लालकडे. आधी मला वाटलं मशीनवर फरक पडला असेल. टेबलावर विचारलं तेव्हा कळलं की मुद्दाम केलंय. काही चर्चमध्ये वेदीवरचं कापड खरंच असं दोन छटांचं असतं: नाताळच्या आधी पहाटेच्या आकाशाकडे जाणारा जांभळा, क्रुसाच्या आधी रक्ताकडे जाणारा. एवढा विचार करून प्रूफ पास करणारी माणसं मला धंद्यात फार कमी भेटली.

पांढऱ्या दिवसांना त्यांनी कागद तसाच सोडलाय आणि भोवती बारीक सोनेरी रेघ ओढलीय. नाताळ, ईस्टर, ३ डिसेंबरचा संत फ्रान्सिस झेवियर, सगळे कोरे. भरलेल्या रंगीत पानात कोरा चौकोन सगळ्यात आधी डोळ्यात भरतो. लाल फक्त झावळ्यांचा रविवार, शुभ शुक्रवार, पेन्टेकॉस्ट आणि रक्तसाक्ष्यांचे, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांचे, दिवस. तिसऱ्या आगमन रविवारी, १४ डिसेंबरला, गुलाबी. तो गुलाबी मात्र फिका पडलाय, ट्यूबलाइटखाली पांढऱ्यासारखा दिसतो. मॅजेंटा थोडा वाढवला तर पुढच्या वर्षी सुधारेल.

एक जागा मला विशेष आवडली. आगमनकाळाचा पहिला रविवार ठरवण्याचा जुना नियम असा, की संत अँड्र्यूच्या दिवसाला, म्हणजे ३० नोव्हेंबरला, जो रविवार सगळ्यात जवळ तो धरायचा. म्हणून तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कधीही येतो. २०२५ मध्ये तो बरोबर ३० नोव्हेंबरलाच आला. मी शरणपूरच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेला माणूस, त्यामुळे हे माझ्यासाठी थोडं घरचं. अँड्र्यू प्रेषित आणि रक्तसाक्षी, त्याचा रंग लाल. पण आगमनकाळाच्या रविवारपुढे त्याचा दिवस मागे सरतो. कॅलेंडरात त्या चौकोनाला पूर्ण जांभळा भरलाय आणि कोपऱ्यात एक छोटा लाल ठिपका ठेवलाय. रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंगाची जुळणी, इतकं नेमकं बसलंय की ठिपक्याभोवती पांढरी फट दिसत नाही.

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्ही घरांना चालेल असं करताना एके ठिकाणी अडचण झालीय. प्रकटीकरणाचा सण, पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळाला भेटले तो दिवस, ६ जानेवारीलाच छापलाय. बऱ्याच कॅथलिक धर्मग्रामांत तो जवळच्या रविवारी पाळतात, या वर्षी ४ जानेवारीला. माझी पत्नी वसईची, कॅथलिक घरातली. तिने लगेच दाखवलं. दोन्ही तारखांना छोटी खूण हवी होती. बाकी दोघांचं जमवलंय. ८ डिसेंबरचा मरियेचा सण आहे, फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेचीही नोंद आहे. त्या यात्रेला आमच्या ओळखीचे सगळ्या धर्मांचे लोक नवस फेडायला जातात, त्यामुळे ती नोंद शेजाऱ्यांनीही आमच्या भिंतीवर वाचून घेतली.

कडं पितळेचं आहे. नाशिकला पितळेचं काम नवीन नाही, आणि हे हाताने ठोकलेलं आहे हे कडेवरच्या बारीक खुणांवरून कळतं. वजनदार आहे, मुलांचा हात लागला तरी सरकत नाही. चार वाट्या बाहेरून आणि एक मधोमध, पांढऱ्या मेणबत्तीसाठी. त्यावर घालायची हिरवळ संचात नसते, ती आपण आणायची. थंड देशांत देवदारासारख्या सूचीपर्णी झाडांच्या फांद्या घालतात. पुस्तिकेत मोरपंखी सुचवलीय आणि ते योग्य आहे. गंगापूर रोडच्या किती तरी बंगल्यांच्या कुंपणाला मोरपंखी आहे, मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. आठवड्याला बदलावी लागते, वाळली की ज्योतीजवळ धोका. काही घरांत प्लॅस्टिकची पानं घातलेली बघितली. ती घालू नका, त्यांनी सगळं कडं बाजारू दिसतं आणि मेण गळलं की वितळतात.

ही प्रथा फार जुनी नाही. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिक विखर्न नावाचा पाळक गरीब मुलांसाठी एक आश्रमशाळा चालवत होता. नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची. १८३९ मध्ये त्याने गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक वाढत जायची. पुढे रोजच्या लहान मेणबत्त्या गळाल्या, चार राहिल्या, हिरवळ आली, आणि जर्मनीतून ती जगभर गेली. हे पुस्तिकेत अर्ध्या पानात दिलंय. मला वाटतं ते पहिल्या पानावर हवं होतं, कारण मुलांच्या प्रश्नातून निघालेली ही वस्तू आहे आणि मुलांच्या हातीच ती खरी चालते. आमच्या घरी काडी नात ओढते. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारी ज्योती.

मेणबत्त्यांबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवं. तीन जांभळ्या, एक गुलाबी. रंग वरून चढवलेला आहे, आत मेण पांढरं. पेटल्यावर वरचा थर सालीसारखा उभा राहतो आणि ज्योतीभोवती कडा करतो. वाट्यांचं तोंड मेणबत्तीपेक्षा मोठं आहे, त्यामुळे आधी मेणाचे थेंब टाकून त्यात बसवाव्या लागतात, नाहीतर कलतात. गुलाबीला कसला तरी गोड वास घातलाय. त्याची गरज नव्हती, मोरपंखीचा वास पुरेसा आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: चारही मेणबत्त्या एकाच लांबीच्या आहेत. पहिली चार आठवडे जळते, चौथी फक्त शेवटचे तीन-चार दिवस. रोज संध्याकाळी लावणाऱ्या घरात पहिली मेणबत्ती नाताळपर्यंत पुरत नाही. आमची तिसऱ्या आठवड्यातच संपली, मग भद्रकालीच्या बाजारातून साधी पांढरी आणून लावली. चौघींची उंची उतरत्या पायऱ्यांसारखी दिसते तेव्हा किती दिवस वाट पाहिली ते समोर दिसतं, म्हणून ती पहिली टिकायला हवी. दुप्पट लांब करा किंवा एक जादा द्या. वीस-तीस रुपये वाढले तर कोणी तक्रार करणार नाही.

मॉलमध्ये हल्ली चॉकलेटच्या खिडक्यांची कॅलेंडरं दिसतात. मुलांना आवडतात आणि त्यांच्या मागेही छपाईचा चांगला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकच्या गेरहार्ड लांग या छापखानेवाल्याने तशी कॅलेंडरं छापायला घेतली, त्याच्या आईने त्याच्या लहानपणी घरी केलेल्या तशाच एका वस्तूवरून. पण बाजारातल्या त्या कॅलेंडरांत दरवर्षी १ डिसेंबर ते २४ डिसेंबर अशा ठरलेल्या २४ खिडक्या असतात. खरा आगमनकाळ कमीत कमी २२ दिवसांचा, जास्तीत जास्त २८ दिवसांचा असतो. गेल्या वर्षी २५ दिवसांचा होता. रोज एक गोड तुकडा मिळाला की वाट पाहायला उरतं काय? या संचात रोज काहीच मिळत नाही. एक चौकोन संपतो, एक उतारा वाचला जातो, दिवा विझवून जेवायला बसतो. नातीला पहिल्या आठवड्यात ते जड गेलं.

“आजोबा, स्टार कधी लावायचा? सगळ्यांचे लागले.”

“चौथ्या रविवारच्या आधी, बाळा. कॅलेंडरात बघ.”

“तोपर्यंत आपलं घर अंधारातच?”

तिची आजी म्हणाली, “अंधार आहे म्हणून तर मेणबत्ती दिसते.” त्यानंतर नातीने स्टारचं नाव काढलं नाही. रोज संध्याकाळी तीच आठवण करायची की लाइट बंद करा.

पुस्तिकेत रविवारच्या वाचनांभोवती प्रत्येक आठवड्याची छोटी उपासना आहे. उतारा, दोन ओळींचं मनन, एक प्रार्थना, एक काम. वाचनं तीन वर्षांच्या चक्रातली. ३० नोव्हेंबर २०२५ पासून मत्तयाच्या शुभवर्तमानाचं वर्ष चालू आहे, येत्या २९ नोव्हेंबरपासून मार्काचं, त्यानंतर लूकाचं. म्हणजे पुस्तिका दर वर्षी नवी लागेल. हे काही जणांना खर्चाचं वाटेल, पण तीन पुस्तिका जपून ठेवल्या की चक्र पूर्ण होतं, चौथ्या वर्षी पहिली परत काढायची.

पहिल्या रविवारचं वाचन मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातलं, जागे राहा, कारण तुमचा प्रभू कोणत्या दिवशी येईल ते तुम्हाला माहीत नाही. दुसऱ्या रविवारी यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातला इशायाचा (दावीद राजाच्या वडिलांचा) बुंधा आणि त्याला फुटलेला धुमारा. मनन ठीक आहे. प्रार्थनांची भाषा थोडी जड, मुलांच्या तोंडी बसत नाही. पत्नीने त्या आपल्या शब्दांत सांगितल्या तेव्हा बसल्या.

तिसऱ्या रविवारच्या पानासाठी मात्र मी या बायकांचे मनापासून आभार मानतो. त्या दिवशीच्या वाचनांत याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय येतो. शेतकरी जमिनीच्या मोलाच्या पिकाची वाट पाहतो, पहिला पाऊस आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो, तसा तुम्हीही धीर धरा. इतर कुठल्याही पुस्तिकेत इथे धीराबद्दल चार गोड वाक्यं आली असती. इथे पानाच्या तळाशी एकच सूचना आहे: या आठवड्यात ओळखीच्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराला फोन करा आणि विचारा की तो सध्या कशाची वाट पाहतोय.

माझा मावसभाऊ निफाड तालुक्यात द्राक्षं करतो. मी फोन केला. डिसेंबरच्या मध्यावर आमच्याकडे बाग कशी असते हे नाशिककरांना सांगायला नको. ऑक्टोबरची छाटणी झालेली, घड लागलेले, मणी फुगायच्या बेतात. माल तोडायला अजून महिना-दोन महिने. तो म्हणाला, “दादा, तुमच्या पुस्तकातला शेतकरी पावसाची वाट बघतो. मी पाऊस येऊ नये म्हणून आभाळाकडे बघतो.” अवकाळी एक सर आली तर डावणीचा रोग, ढग राहिले तर भुरीचा, आणि आभाळ मोकळं झालं तर निफाडची थंडी. पारा खूप खाली गेला की मणी तडकतात. म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे ड्रिपचं पाणी सोडायचं, जमीन थोडी ऊबदार ठेवायची. “वाट बघणं म्हणजे झोपणं नाही,” तो म्हणाला, “रात्रभर फिरावं लागतं.”

मी फोन स्पीकरवर ठेवला होता, सगळ्यांनी ऐकलं. मग पहिल्या रविवारचा उतारा पुन्हा वाचला, जागे राहा. तो उतारा मी लहानपणापासून ऐकतोय आणि त्यातली धमकी तेवढी ऐकू यायची. त्या संध्याकाळी त्यात शेकोटीजवळ बसलेला माझा भाऊ दिसला. येणाऱ्यावर माया आहे म्हणून माणूस जागा राहतो. याकोबाचा शेतकरी पॅलेस्टाइनमधला. तिथे ऑक्टोबरच्या आसपास पहिला पाऊस पेरणीला लागतो आणि मार्च-एप्रिलमधला शेवटचा दाणा भरायला. आमच्या भावाला तोच पाऊस नको आहे. पण दोघांनीही करायचं ते सगळं केलंय आणि आता जे हातात नाही त्याच्यासमोर उभे आहेत. आगमनकाळ घरी कशासाठी पाळायचा याचं याहून चांगलं उत्तर मला कुठल्या प्रवचनात मिळालेलं नाही.

सात कार्डं १७ ते २३ डिसेंबरसाठी आहेत. चर्चमध्ये फार जुन्या काळापासून या सात संध्याकाळी ख्रिस्ताला रोज एका नावाने हाक मारून ये म्हणतात: ज्ञान, प्रभू, इशायाचं मूळ, दाविदाची किल्ली, उदयप्रकाश, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. कार्डाच्या एका बाजूला हाक, दुसऱ्या बाजूला साधं रेखाचित्र, मुलांनी रंगवायचं. हे आमच्या घरात सगळ्यात जास्त चाललं. १७ तारखेलाच करंज्या आणि शंकरपाळ्यांची तयारी सुरू झाली. एकीकडे तळणाचा वास, दुसरीकडे किल्ली रंगवणारी नात. फराळ मात्र डब्यात बंद, २४ च्या रात्रीच्या उपासनेनंतर उघडायचा. स्टार २० तारखेला लागला. मधली पांढरी मेणबत्ती नाताळच्या सकाळी.

नाताळच्या पानाबद्दल थोडंच. १ जानेवारीला कॉलनीतले स्टार उतरायला लागतात. कॅलेंडर तेव्हा सांगतं की सण आत्ता कुठे चालू झालाय, कोरे सोनेरी चौकोन पुढेही आहेत. आम्ही स्टार ६ जानेवारीपर्यंत ठेवला. फराळही तोपर्यंत पुरवला आणि त्या दिवसांत येणाऱ्यांना निवांत बसून खायला घातला. नाताळच्या धावपळीत पाहुण्यांशी धड बोलणं होत नाही, ते या दिवसांत झालं.

प्रायश्चित्तकाळात संच थोडा उघडा पडतो. कॅलेंडर आहे, पण पुस्तिकेत त्या चाळीस दिवसांसाठी जेमतेम चार पानं. कडं रिकामं पडून राहतं. एप्रिलच्या उन्हात आमच्या हॉलमध्ये उरलेली गुलाबी मेणबत्ती वाकली, तेव्हा ती उन्हाळ्याआधी थंड जागी ठेवा. पुनरुत्थानाचे पन्नास दिवस पांढरे सोनेरी, आणि मग पेन्टेकॉस्टचा एक लाल चौकोन. त्यानंतर हिरवं.

या हिरव्या पानांकडे माझं आधी दुर्लक्ष झालं असतं, कारण चर्चच्या बोलीत तो सामान्य काळ, त्यात मोठा सण जवळजवळ नाही. या वर्षी तो २५ मे ते २८ नोव्हेंबर, जवळपास २७ आठवडे. पण नाशिकमध्ये बसून बघा. मृग नक्षत्रापासून दिवाळीनंतरपर्यंत, म्हणजे त्र्यंबकचे डोंगर हिरवे होतात तिथपासून कापणी उरकेपर्यंत, वेदीवरचं कापडही हिरवं. ज्यांनी हे रंग ठरवले त्यांच्या मनात आपला पावसाळा नव्हता. तरीही भिंतीवरचं पान आणि खिडकीबाहेरचा डोंगर एका रंगाचे झाले की रोजच्या साध्या दिवसांना मान मिळतो. या पानांवर आम्ही सगळ्यात जास्त लिहिलंय.

पुढच्या आवृत्तीसाठी एक विनंती आहे आणि ती मी टेबलावरही सांगणार आहे. शरणपूरला विकल्या जाणाऱ्या पुस्तिकेत शरणपूर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसवली. अरबी समुद्रात पकडलेल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे राहिली, शिकली, हातांचं काम शिकली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या प्रवासात होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आत मरण पावला, तेव्हा जेकबने झाडावर त्याचं नाव कोरलं, शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांमध्ये तो होता, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला त्याचाही हात लागला. इथून गेलेल्या कित्येकांनी १८७५ नंतर मोंबासाजवळच्या फ्रेअर टाउनमध्ये घरं वसवली. यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायात बंदिवानांना सुटका जाहीर होते, आणि मार्काच्या वर्षात तिसऱ्या आगमन रविवारचं पहिलं वाचन नेमकं तेच आहे. म्हणजे १३ डिसेंबर २०२६. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या मुलांना त्या रविवारी हे अर्ध्या पानात सांगितलं, तर बंदिवान हा शब्द त्यांना परदेशातला वाटणार नाही. द्राक्षाच्या पानासारखंच एक काम तळाशी देता येईल: त्या संध्याकाळी मुलांना घेऊन शरणपूरला जाऊन या.

घेणाऱ्यांसाठी शेवटच्या काही गोष्टी. कडं एकदाच घ्यायचं, ते पिढीभर टिकेल. ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी कॅलेंडर, मेणबत्त्या आणि पुस्तिका वेगळ्या मिळतात का, हे मी विचारलं. मिळतील, पण आधी नाव द्यावं लागेल, कारण त्या मोजूनच करतात. वयस्कर कोणी एकट्याने वापरणार असेल तर पुस्तिकेची मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढून द्या, सध्याचा टाइप त्यांना वाचवणार नाही. गावाबाहेर, नाशिकरोड किंवा देवळालीला राहणाऱ्यांनी एकत्र मागवला तर एका फेरीत काम होईल. पुढचा पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस नाव देऊन ठेवा, आणि नाव देताना पहिली मेणबत्ती लांब हवी हेही सांगा. जास्त जणांनी सांगितलं तर त्या करतील.